डावा कान

आज पाणी. चौथा दिवस.
रात्रपाळी सुटून घरी आलो तेव्हा
नळ नुसता फुसफुसत होता
आणि लास्या पिंपाशी उभी, उघडी, कामावर हजर.
एक वर्ष दहा महिन्यांच्या माणसाला
सकाळी सातला एवढं काय काम असतं?
होतं. पिंप भरलं की आत काय काय टाकायचं
ते तिला ठरवायचं होतं.

आधी एक कांदा.
मग माझी डावी चप्पल.
मग श्रीलताचा पानं कापायचा पत्रा,
ज्याच्यावर तिच्या हजार विड्यांचा हिशोब.
श्रीलता सुपावरून ओरडली,
मी पिंपात खांद्यापर्यंत हात घातला,
लास्या म्हणाली, "नीळ्ळु!"
मग माझ्या तोंडाकडं बघून, समजावून सांगितल्यासारखं,
"पाणी."
दात अकरा, भाषा दोन.

पुसायला घेतला तो टॉवेल माझ्याच मागावरचा,
कडेला तार सुटलेला, म्हणून घरी आलेला.
तिला नेमकी ती सुटलेली तारच लागते.
बोटाला गुंडाळते, ओढते,
मी रात्रभर विणलं ते सकाळी उसवते,
आणि मालकासारखं तोंड करून
पुढचं दाखव म्हणते.

मग लपाछपी.
दोरीवरच्या चादरीमागं ती. खाली दोन पाय,
एका पायात पैंजण, दुसरं गेल्या आठवड्यापासून सापडत नाही.
"लास्या एक्कड?" मी विचारतो.
कपाटात बघतो, पातेल्याखाली बघतो.
"लास्या एक्कड?"
गल्लीतल्या येमूलांच्या म्हातारीनंसुद्धा ऐकावं इतक्या मोठ्यानं.
थोड्या वेळानं चादर बाजूला होते
आणि लाल झालेलं एक तोंड बाहेर येतं, रागानं.
श्रीलता हसून हसून खोकते.
"अहो, ती मघापासून ओ देतीय की.
इथंय, इथंय म्हणतीय."

मला वाटलं होतं, खेळ चांगला चाललाय.

एकोणीस वर्षं सहा नंबरचा माग माझ्या डाव्या हाताला.
कानाचं मी कुणाला सांगितलेलं नाही.
मालकाला नाही, भावाला नाही,
श्रीलताला सांगावं लागलं नाही.
पण हिला कुणी सांगितलं?
हनुवटीला दोन्ही हातांनी धरते,
नळाची तोटी फिरवावी तसं तोंड फिरवते माझं,
आणि उजव्या कानाला ओठ लावून बोलते.
आईशी बोलताना असं करत नाही.
म्हातारीशी नाही, मांजराशी तर नाहीच.

दुपारी बेचाळीस.
फरशीवर पाणी शिंपडून आडवा होतो.
ती एका बोटानं माझी पापणी वर करते,
आत मी आहे का बघते,
पापणी सोडते. परत बघते.
मग पाठीवर चढून दोन मुठींनी सुरू होते
खट्टक खट्टक, खट्टक खट्टक.
हा आवाज तिनं कुठं ऐकला?
एकदाच डबा द्यायला आली होती आईच्या कडेवर.
पाठीला बरोबर लागतो आवाज.
मी तसाच झोपतो, अंगावर माग चालू ठेवून.

झोपेत कधीतरी डाव्या कानाशी गरम वाफ आली,
शेंगाचटणीच्या वासाची.
काहीतरी लांबलचक. मध्ये एकदा हसू.
त्या कानात शब्द जात नाहीत, तिला माहीत होतं,
पण उजवा उशीत होता, काय करणार बिचारी.
मी म्हणालो, "हो."

आता साडेपाच वाजलेत.
ती दारात उभी आहे,
एका पायात तिचा सँडल, दुसऱ्यात माझी भिजकी चप्पल.
हातात कांदा.
मला हाताला धरून ओढतेय.
"कुठं?" विचारलं तर असं बघते,
की दुपारी तर सगळं ठरलं आपलं.

श्रीलता म्हणते, "जावा आता. हो कशाला म्हणालात?"
मी अनवाणीच उतरतो पायरीवरून.
कन्ना चौकाच्या बाजूला वळतो आम्ही,
ती पुढं, फटक फटक,
एकदाही मागं न बघता.