नावे

कलेक्टर कचेरीच्या भिंतीला लागून माझं टेबल.
वर कडुनिंब, खाली इन्व्हर्टरची बॅटरी,
आणि मे महिना, म्हणजे बारानंतर
कीबोर्डची बटणंही चटके देऊन राहिलेली.

हासानंदजी आले. खिशातून आधी कांदा काढला,
उन्हासाठीचा, पांढरा,
मग चष्मा, मग पिशवीतली पिशवी,
तिच्यातली अजून एक पिशवी, आणि तिच्यात
हिरवा पासपोर्ट, कोपरे मऊ झालेला.

"ताई, सगळं आणलं. तुम्ही फक्त बोटं चालवा."

नाव. बापाचं नाव. बापाच्या जन्माचं गाव.
इथे येण्याआधीचा पत्ता.
शिकारपूरच्या त्या गल्लीचं नाव ते दोनदा म्हणाले,
दुसऱ्यांदा जरा हळू,
मला कळावं म्हणून की स्वतःला ऐकू यावं म्हणून, माहीत नाही.
मी एकदाच टाइप केलं.

व्यवसाय: हातगाडी. खारी, नानकटाई, टोस्ट.
उत्पन्न.
इथे ते कांदा फिरवत बसले.
"चांगल्या वर्षाचं लिहायचं, की या वर्षीचं?"

या वर्षी काजलचं पित्ताशय काढलं.
दवाखान्याचं बिल, मग इतवारीतला फायनान्सवाला,
त्याला सह्या करून दिलेले तीन चेक.
दोन वटले.
तिसरा परत आला, आणि परत येणारा चेक
एकटा येत नाही बाप्पा,
वकिलाची नोटीस आणतो, मग कोर्टाचं समन्स.

समन्स त्यांनी टेबलावर उलगडलं, कडा हातानं दाबून धरल्या,
आणि बोट ठेवलं. रकमेवर नाही,
पत्त्यावर: राहणार जरीपटका, नागपूर.

"चौदा वर्षं झाली. आतापर्यंत सगळे मुक्काम लिहायचे.
मुक्काम, तात्पुरता.
राहणार म्हणून पहिल्यांदा यांनीच लिहिलं."
मी हसले नाही. ते हसले थोडे.

ओळखीच्या दोन भारतीयांची चारित्र्याबद्दल सही पाहिजे.
घरमालक म्हणतो, दोन महिन्यांचं भाडं टाका,
चारित्र्य मग पाहू.
दुसरी सही माझी.

आणि मग ती ओळ:
अर्जदाराविरुद्ध कोणताही खटला प्रलंबित आहे काय?
कर्सर लपलप करून राहिला.
शेजारच्या टेबलावरून दमाहे ओरडला,
"नाही लिहा ना! कोण पाहून राहिलं?"
सगळेच पाहून राहिलेत, दमाहे.
चौकशीला पोलीस येतील, गल्लीत विचारतील,
आणि गल्लीला खारीचा भाव माहीत आहे तसा
चेकही माहीत आहे.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला.
स्कूटीचे तीन हप्ते. रोज याच वेळेला वाजतो.
"मॅडम, कधी भरून राहिल्या?"
एवढंच विचारतो तो पोरगा.
माझा देश कोणता, हे त्यानं कधीच विचारलं नाही.
फोन मी उलटा ठेवला.

हासानंदजींनी समन्सची घडी घातली,
पुन्हा उघडली, पुन्हा घातली.
"जो है सो लिखो, ताई."

होय, लिहिलं.
तर खाली नवी चौकट उघडली:
तपशील द्यावा, दोनशे अक्षरांत.
केस नंबर बसला, रक्कम बसली, तारीख बसली,
काजल बसेना.
पित्ताशय गाळलं.
हातगाडी आधीच वर आलेली होती.

प्रिंट निघाली, गरम, पापडासारखी वळत.
त्यांनी सही केली, सिंधीत अर्धी होता होता
थांबले, देवनागरीत पुरी केली.
झाले साठ रुपये. खिशात निघाले चाळीस.
"उद्या देतो ना, ताई, सकाळी गाडी लावायच्या आधी."

फाटकापर्यंत गेले आणि परत आले,
कांदा राहिला होता.

मी वही काढली.
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
उजवीकडे लिहिलं:
हासानंदजी, राहणार जरीपटका,
वीस रुपये.