अकरा सेंटिमीटर

आधीच सांगून ठेवतो, मी नाहीच म्हणालो होतो.
बर्चच्या लाकडाचं ते बाक माझ्या बापाचं.
दोन्ही दांड्यांवरच्या लोखंडी पट्ट्या
नळी फिरून फिरून झिजलेल्या,
त्यातली थोडी झीज माझी.
आणि तुवा आली, चाकांच्या खुर्चीतून,
खिशातून टेप काढला, मोजलं, म्हणाली,
"अकरा सेंटिमीटर कमी हवं."
जसं काही मी शिंपी
आणि तिनं पॅन्ट आणलीय.

मी म्हणालो, भट्टी अकराशे अंशांवर असते,
ती कुणासाठी वाकत नाही.
"भट्टीला कोण सांगतंय?" ती म्हणाली.

ग्रानहुल्तच्या या शेडमध्ये उन्हाळ्यात पर्यटक येतात,
दोरीच्या पलीकडे उभे राहतात.
दोरी आम्हीच बांधली.
आजोबांच्या वेळी दोरी नव्हती, कुलूपही नव्हतं.
थंडी पडली की रस्त्यावरची माणसं रात्री आत यायची,
भट्टीच्या उबेला पाठ लावून झोपायची,
कडेच्या निखाऱ्यात हेरिंग भाजून खायची.
नाव कुणी विचारत नसे.
हे मी तुवाला सांगितलं, जरा फुशारकीनंच.
टेप गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं,
"मग दार अरुंद कधी झालं?"

त्या रात्री मी करवत शोधली.
सापडली नाही असं सांगायचा बेत होता.
पण सापडली.

पहिला उतार चुकला.
फारच उभा, त्यात जानेवारीतलं गोठलेलं पाणी;
तुवा मागच्या मागे घसरत आली
ती थेट स्वेआच्या बुटांवर.
दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.
मी हसलो नाही. उतार मी बनवला होता.

स्वेआनं चाळीस वर्षं या जंगलात टपाल वाटलं.
आता एकच फुफ्फुस, तेही कुरकुरणारं.
तिच्यासाठी हवेच्या गादीचा पंप आला, पायाने दाबायचा,
नळीला रबराचं शेपूट.
पायानं फुंकर?
मी तोंड फिरवलं.
फुंकर ओठांची असते,
खरचटलेल्या गुडघ्यावर आई घालते ती,
चहाच्या बशीवर
आणि विझत आलेल्या जाळावर.
मागून स्वेआ ओरडली. वळून पाहिलं,
नळीच्या टोकाला मधाच्या रंगाचा गोळा फुगत होता,
बटाट्यासारखा, एका अंगाला कललेला.
काचेला काय कळतं,
वारा कुठल्या अवयवातून आला.

येमानेला माझी हाक ऐकू येत नाही.
अस्माराहून आला तेव्हा सात वर्षांचा होता,
आता एकोणीस, हात माझ्यापेक्षा स्थिर.
फिरव! थांब! फुंक!
असं मी आयुष्यभर ओरडत आलो.
आता त्याच्या खांद्यावर बोट:
एकदा, फिरव.
दोनदा, थांब.
अख्खा तळवा टेकला की फुंक.
महिन्याभरात सगळेच खांदे पुढे करू लागले.
बर्नरच्या त्या घरघरीत
कान शाबूत असणाऱ्यांनाही
माझं कधीच धड ऐकू येत नव्हतं,
हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.

संध्याकाळी सगळं निववायच्या पेटीत जातं,
स्वेआचा बटाटासुद्धा.
एकदम गार केली तर काच तडकते,
बारा तास द्यावे लागतात, कधी जास्त.
हे मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतो.
मला स्वतःला किती तास लागले
ते विचारू नका.

बाकाच्या पायांचे चार तुकडे उरले.
दोन कुठे गेले, आठवत नाही.
एक येमानेनं मागून नेला, कशाला ते सांगितलं नाही.
चौथा दाराखाली सारलाय.
दार जड आहे, आपोआप मिटतं,
आणि मांडीवर नळ्या घेऊन
ते ढकलणं जमत नाही कुणाला.
वारा येतो आत.
भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला उघडं दार खपत नाही,
मलाही नाही.
असू दे.