पासंग

खाण बंद झाली तेव्हा यंत्रं गेली, दिवे गेले,
खाली उतरवणारी पोलादी तार गेली.
वजनकाटा तेवढा कुणी नेला नाही.
सदतीस वर्षं त्यावर मी कोळसा मोजला.
आता बाटल्यांची बुचं मोजतो.

निळी पाण्याची, लाल दुधाची.
आमच्या सायडरला लाकडी बूच असतं, ते चालत नाही,
लोक तरी टाकतात.
पोती शाळेतून येतात, न्हाव्याकडून येतात.
मठातल्या बायका बुचं धुऊन, वाळवून,
रंगवार बांधून पाठवतात.
रंगाची गरज नाही, हे सांगून झालं. ऐकत नाहीत.

टनाला दोनशे दहा युरो.
एका टनात पाच लाख बुचं.
हा हिशेब मी पहिल्याच रात्री केला होता
आणि बेगोन्याला सांगितला नव्हता.

तिचा पेलायो तेव्हा सहा वर्षांचा.
आजाराला नाव नाही, एक अक्षर आणि चार आकडे,
जसे आम्ही बोगद्यांना द्यायचो.
जगात अशी मुलं एकतीस.
औषध कंपनीचं पत्र आलं, सभ्य, दोन परिच्छेदांचं.
मी मापाडी माणूस, मला लगेच कळलं:
एकतीस मुलं पारड्यात घातली
तरी त्यांची दांडी हलत नाही.
पासंगालाही पुरत नाहीत.

शनिवारी पोरगा यायचा. आधी पळत,
मग आईचा हात धरून, मग खुर्चीतून.
बुचांच्या ढिगात दंडापर्यंत हात खुपसायचा
आणि ऐकत बसायचा.
"समुद्र," म्हणायचा. एकदाच गेला होता हीखोनला.
पुढे शब्द गेला,
हात मात्र खुपसायचा.

मार्चमध्ये तोही थांबला.
मी काट्यावर ताडपत्री टाकली.
सोमवारी दारात नऊ पोती,
रंगवार बांधलेली.

मे महिन्यात ओव्हिएदोला बोलावलं, प्रयोगशाळेत.
अमाया नावाची बाई, नोकरी वर्षावर्षाच्या करारावर,
आमच्या चार वर्षांच्या बुचांचं काय झालं ते सांगत होती:
उंदरांचं खाणं, एका यंत्राची दुरुस्ती,
एका मुलीचा पाच महिन्यांचा पगार.
"आणि औषध?" मीच विचारलं.
"नाही. अजून नाही."
त्या 'अजून'वर तिनं अंगठा ठेवून
वजन वाढवलं नाही. बरं वाटलं.

मग तिनं सूक्ष्मदर्शकाखाली एक बशी सरकवली.
चार वर्षांचा असताना पेलायोच्या दंडाची कातडी घेतली होती,
तांदळाच्या दाण्याएवढी.
तिच्यातल्या पेशी गुलाबी पाण्यात वाढतायत.
दर तीन-चार दिवसांनी एका बशीच्या दोन कराव्या लागतात,
जागा पुरत नाही म्हणून.

बेगोन्या वाकून बघत राहिली.
मान अवघडली असेल, तरी.
उठली आणि विचारलं,
"रात्री इथं कोण असतं?"

"कुणी नसतं," अमाया म्हणाली. "गजर आहे."
जरा थांबून म्हणाली,
"मी जवळच राहते."

काटा जुना आहे, तीनशे ग्रॅम खोटा.
इतकी वर्षं खिळ्यांची पुरचुंडी बांधून सरळ ठेवला.
परवा सुतळी कुजून पुरचुंडी फुटली.
बेगोन्यानं जवळच्या पोत्यातून ओंजळ ओंजळ बुचं काढली,
फडक्यात बांधली, दांडीला लावली.
एक कमी पडत होतं.
घातलं, तर जास्त.
काढलं.
पुन्हा घातलं.