ओ-ओ-जी-आय

बसस्टँडसमोरचा झेरॉक्सवाला म्हणाला,
"मॅडम, दोनशे बारा पानं? सगळी?"
सगळी. शेवटची शब्दांची यादीसुद्धा.

अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणायचे तेव्हाची गोष्ट.
घोडदळाच्या छावणीत, वाळ्याच्या पडद्याआड बसून
एडिथ प्रॉथरोनं लिहिलेली कादंबरी.
कथा यथातथाच : कॅप्टन नवरा, एक हरवलेलं पत्र, पोलोचा सामना,
आणि ऊन. पानोपानी ऊन,
जसं काही आम्हीच ते
तिच्यासाठी मुद्दाम तापवून ठेवलेलं.

यादी मात्र मी चवीनं वाचते.
सुरुवातीलाच, आया : देशी दाई.
तिला नाव नाही. चहा देते, दार लोटते, रडते.
मग खाली, नाला आणि पंखा यांच्या मधे
ओ-ओ-जी-आय :
"झोपेची ग्रामदेवी. खालच्या वर्गातल्या बायका
आजारी मुलांसाठी हिचा धावा करतात."

मोठ्यानं हसले मी.
योगेश्वरीच्या गावात बाईनं आणखी एक देवी बसवली,
ना टाक, ना शेंदूर, ना जत्रा!
माझी माय कानात औषध घालताना म्हणायची,
"उगी माय, उगी. झालंच."
तीच ही.

पान एकशे त्रेचाळीस.
झेरॉक्स इथं काळवंडलाय.
तापानं लेकरू गेलंय. कॅप्टन दौऱ्यावर.
पाद्री जालन्याहून यायचाय, बैलगाडीचा रस्ता.
"आया रात्रभर तिच्या देवीला हाका मारत राहिली,
ओ-ओ-जी-आय, ओ-ओ-जी-आय.
पाळण्याकडे एकदाही पाहिलं नाही तिनं.
माझ्याकडेच पाहत होती.
या लोकांच्या श्रद्धा विचित्र असतात."

मी तळटीप टाकली : लेखिकेचा गैरसमज.
चहा केला. तो तसाच राहिला.

शेवटच्या प्रकरणात आगबोट एडनच्या पुढं गेलीय.
केबिनमध्ये बाई एकटी, डोळ्याला डोळा नाही.
ती त्या देवीचं नाव घेते. दोनदा.
मग एक ओळ कोरी, आणि
"सकाळी जाग आली तेव्हा ऊन बरंच वर आलं होतं."

तळटीप खोडली. पुन्हा लिहिली. पुन्हा खोडली.

काल प्रकाशकाचा फोन :
कागद महागलाय हो, मागची यादी गाळू या का?

म्हटलं, कादंबरी गाळा.