आधी कडा

बस, नेवेंका. तो कागद जरा बाजूला ठेव.
त्यावर पेंग्विन आहे, दीपगृह आहे, गव्हाच्या तीन ओंब्या,
भट्टी, भट्टीचा धूर,
आणि धुरात तुझ्या आजोबांचं जहाज.
एवढं सगळं आपल्या सामुद्रधुनीतही मावत नाही, बाई.

आधी वारा. रंगाचं मागून बोलू.
पुंता अरेनासमध्ये पाटी आपण टांगतो,
पहिल्यांदा वाचतो तो वारा.
गेल्या ऑक्टोबरात औषधांच्या दुकानाचं पहिलं अक्षर
दोन गल्ल्या पलीकडे, शाळेच्या छपरावर सापडलं.
मुलांनी ते परत दिलं नाही.
म्हणून सुटी अक्षरं नकोत. फळीतच कोरू.
लेंगाचं लाकूड, दोन हिवाळे वाळलेलं,
आणि स्क्रू होड्यांना लावतात ते, न गंजणारे.
साधे लावलेस
तर प्रत्येक अक्षराखाली तपकिरी ओघळ,
जणू तुझ्याच नावाला पडसं झालंय.

प्लायवूडचं मला विचारू नकोस.
विचारलंसच म्हणून सांगतो:
माझी पहिली पाटी, खाटीक मान्सियाची.
पुढून तीन हात दिले, मागून दोन,
कडांना काहीच नाही. कडा कोण बघतं?
पाणी बघतं.
मे महिन्यापर्यंत ती पाटी पुस्तकासारखी उलगडली,
पान न् पान सुटं,
आणि आत एक अक्षर लिहिलेलं नाही.
त्याने पैसे दिले नाहीत. अर्धा किलो मटण दिलं
आणि म्हणाला, खा पोरा, आणि कडा रंगव.
चाळीस वर्षं झाली.
अजून मी कडांपासून सुरुवात करतो.

गिऱ्हाईक कुठून येणार तुझं? त्या कोपऱ्यावरून.
ऐंशी फूट. दहा फुटांना एक इंच,
म्हणजे अक्षर आठ इंचांचं, कमी नाही.
जूनमध्ये उजाडायला दहा वाजतात
आणि पाव तर त्याआधी हवा.
अंधारात, टोपी धरून, मान खाली घालून येतात माणसं;
त्यांच्यासाठी गडद निळ्यावर सायीचा रंग.
तुला लाल आवडतो, ठाऊक आहे.
इथलं ऊन लालाचा तीन वर्षांत गुलाबी करतं,
मग लोक केस कापायला येतील तुझ्याकडे.

अक्षरांमधलं अंतर पट्टीने मोजत नाहीत.
मनातल्या मनात प्रत्येक फटीत पीठ ओतायचं,
सगळीकडे सारखंच मावलं पाहिजे.
गोल अक्षर रेघेबाहेर केसभर काढायचं,
नाहीतर ते बिचारं लहान दिसतं.
बरोबर दिसायला थोडं चुकावं लागतं.
बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली,
तुझं थोडं कुठे असतं?

आणि ‘पानादेरिया’वरची ती तिरकी रेघ!
काना-मात्रा खाल्लेल्या दुकानातला पाव
मी तरी विकत घेत नाही.

आता खूण. काउंटरवर पीठ पसर, बोटाने काढ.
श्वास संपायच्या आत चित्र संपलं पाहिजे.
हा पेंग्विन? बाटली झाली.
हे दीपगृह?
हा मात्र पेंग्विन झाला.
हस, हस. पुसून टाक.

थांब.
तो पाव इकडे कर.
वर हा चिरा कसला, असा उलटा वाकलेला,
शेवटाला झटका दिल्यासारखा?
बाबा डावरे होते तुझे?
आणि तू उजवी असून तसाच मारतेस?

...

नाही, काही नाही. पेन्सिल शोधतोय.
कानावरच होती.

रबरी शिक्क्यावर बसेल हे. पिशवीवर, एका रंगात,
नाण्याएवढं केलं तरी.
सोनेरी वर्ख नको, पितळही नको,
नुसता चिरा, लाकडात पाव इंच खोल,
संध्याकाळी त्यात आपोआप सावली भरेल.

पैशांचं नंतर. उद्या वारा नसला तर
(हसू नकोस) नसलाच तर, शिडी धरायला ये.
आणि हा कागद माझ्याकडे राहू दे.
भाच्याला सांग,
पेंग्विन झकास जमलाय.