बाहेरून लावण्यासाठी

उंची साडेनऊ इंच. कंबर आत गेलेली,
म्हणजे फळीवरून काढताना
चार बोटं आणि अंगठा आपली जागा शोधतात.
तोंडाला एक टवका. तो आमच्याकडचा.
त्रिशला म्हणते, बाबा, टवका आधी लिहा,
मग रंग.

रंग कसा लिहायचा?
सकाळी दुकान उघडतो तेव्हा ती नुसती तपकिरी,
लोणच्याच्या बरणीची गरीब बहीण.
साडेचारला गणपती पेठेतलं ऊन
समोरच्या पत्र्यावरून उडी मारून आत येतं
तेव्हा तांबं होते, मग हिरवी, मग जांभळी,
आणि गिऱ्हाईक सुटे मोजायचं थांबतं.

हा रंग दुसरीकडे मी एकदाच पाहिला, पुराच्या साली.
दुकानात छातीएवढं पाणी,
पाण्यावर कुणाच्या तरी टेम्पोचं डिझेल,
आणि डिझेलवर तरंगत
हिरडा, बेहडा, नागरमोथा,
बांधून ठेवलेले कागदी पुडे.
बरणी वरच्या फळीवर, कोरडी.
तिच्या अंगावरचंच काहीतरी खाली सांडलंय
असं वाटलं. कुणाला बोललो नाही.
नाववाला घाई करत होता.

तवनाप्पांनी, म्हणजे वडिलांनी,
ती मिरजेत एका गोऱ्या डॉक्टरच्या लिलावात घेतली,
सोबत मोडका तराजू आणि एक छत्री.
छत्री तेवढी त्यांना हवी होती.
बरणीवर निळ्या अक्षरांत काहीबाही.
वाचता येईना, तेव्हा म्हणाले,
औषधाचंच नाव असणार की,
आणि ज्येष्ठमध भरला.

साठ वर्षं ज्येष्ठमध.
हळदीच्या सौद्यात भाव पुकारून बसलेले घसे,
तालमीतून थेट आलेला, खुणांनी बोलणारा एक राजा,
परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या मास्तरीणबाई.
काडी चघळायची, थुंकी गिळायची,
दोन दिवसांनी येऊन मोठ्यानं बोलून दाखवायचं.

पुण्याहून नाबर आले. पांढरा रुमाल पसरला,
भिंग काढलं, नखानं टिचकी मारली,
कान लावून ऐकलं.
आता म्हणतील, जोरात श्वास घ्या.
मग अक्षरं वाचली. लॅटिन, म्हणाले,
आणि हसू दाबत:
हे मलमाचं नाव आहे. भाजल्यावरचं.
पोटात घ्यायचं नाही.

दुकानात कुणी बोलेना.
वडिलांचा राग यावा
की त्या सगळ्या बऱ्या झालेल्या घशांचा अभिमान वाटावा,
मला ठरवता येईना.
त्रिशला मात्र,
जिला यंदा फार्मसीला प्रवेश मिळालाय
आणि जिच्या फीसाठी हे सगळं,
गल्ला धरून हसत सुटली.

नाबरांनी आकडा सांगितला.
मी टवक्याकडे बोट दाखवलं.
टवका धरूनच, म्हणाले.
आतून घासू नका, वास राहू द्या.
वासाचे वेगळे पैसे मिळत नाहीत,
पण राहू द्या.

ज्येष्ठमध परातीत ओतला.
दोन काड्या तळाला चिकटलेल्या, निघाल्या नाहीत.
त्या गेल्या बरणीबरोबर.

आता तो बोर्नव्हिटाच्या डब्यात आहे.
लेबल निघत नाही.
काल चौगुले अडते आले, गळ्याला हात लावला नुसता.
माझा हात वर गेला,
चार बोटं आणि अंगठा अर्धे उघडे,
हवेतली कंबर धरायला.
मग खाली वाकलो.
चौगुल्यांनी डब्यावरचं नाव वाचलं,
माझ्याकडे पाहिलं,
आणि काडी तोंडात टाकली.