नजरेचं माप

मे महिन्यात मुद्दाम कोणी जळगावात येतं का?
ती आली.
अंगभर काळ्यापांढऱ्या नागमोडी पट्ट्या,
दिव्यांवर चिकटपट्टी, नावाच्या जागी नुसता खड्डा,
नंबरप्लेट लाल, तीही परराज्यातली.
पाळधीच्या पंपावर दुपारी अडीचला थांबली
तेव्हा हवेच्या मशीनपाशी मोतीराम फिरके एकटाच.
त्याचा फोन असा, जणू घरात पाळणा हलला:
"या भो लवकर. झाकलेली आहे, पण तीच आहे."

आम्ही तिघं एका दुचाकीवर.
डोक्याला गुंडाळलेले ओले रुमाल
महामार्ग लागेस्तोवर कडकडीत.

कंपनीला आमचं ऊन हवं होतं.
सेहेचाळीस अंशांत आतली हवा किती मिनिटांत गार होते
ते मोजत दोन माणसं लॅपटॉप घेऊन बसलेली,
काचा बंद.
आमच्या उन्हाचा कोणाला उपयोग आहे
हे मला त्या दिवशी कळलं.

तीन मिनिटं मिळाली.
गोटू नेहेते सरळ आडवा झाला डांबरावर,
पोटाखालची उंची वितीने मोजली,
"सावद्याच्या रस्त्याला पुरेल," म्हणाला,
आणि उठला तेव्हा सदऱ्याच्या पाठीवर काळा नकाशा.
मोतीरामने डोळे मिटून फक्त आवाज ऐकला.
"डिझेल नाही," म्हणाला. थोडा उदास झाला.
रशीद मण्यार काचेला नाक लावून उभा.
सीट कव्हर शिवतो तो, अजिंठा चौफुलीच्या पुढे.
शिलाई कुठून वळते, मानेचा टेकू किती जाड.
आतल्याने हाताने हट केलं
तरी त्याचे ओठ हलतच होते:
बावीस, एकोणीस, साडेसात.

मग पोळा गेला, कापूस फुटला,
मेहरूण तलावाच्या कठड्यावर आमची बैठक सुरूच.
लांबी चार मीटरच्या आत की बाहेर?
छताची काच उघडते म्हणतात.
आपल्याकडे कोण उघडणार, भाजून निघायला?
गोटू म्हणाला, "रात्री बारानंतर.
तापीच्या पुलावर न्यायची, अन् तारे आत घ्यायचे."
एरवी आम्ही हसलो असतो.

गोटूच्या बायकोने विचारलं, घ्यायचीय का?
नाही.
मग?
"तू मांडे करणाऱ्या बाईपुढं उभी राहतेस ना,
पोट भरलेलं असतानाही?"

तारीख दोनदा पुढे गेली.
किंमत कळली त्या संध्याकाळी
कोणी कोणाकडे बघितलं नाही.
मोतीरामने सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले,
जणू तेवढेच कमी पडत होते.

आणि गाडी कोणी बुक करावी?
डाळमिलच्या सुवालाल छाजेडांनी,
ज्यांना टॉर्क आणि तूर यांतली तूर तेवढी कळते.
रशीदच्या दुकानी आले, माहितीपत्रक काउंटरवर पसरलं.
"सहा रंग आहेत. तुम्ही पोरं जाणकार. कोणता घेऊ?"

असं कोणी विचारलं नव्हतं आम्हाला.
रात्रीचे साडेअकरा वाजले.
मोतीराम पांढऱ्यावर अडून, ऊन परतवतो म्हणून.
गोटू काळ्यावर, कारण ते पुलावरचे तारे.
मी म्हटलं, केळीचा पोंगा उलगडायच्या आधी
जो हिरवा असतो, तो.
"तो यात नाही," शेठ म्हणाले.
माहीत आहे शेठ. पण विचारलंत ना.

रशीद एवढा वेळ गप्प.
उठला, खिळ्यावरून एक कागद काढला,
जुनी वर्तमानपत्रं चिकटवून कापलेला,
मे महिन्यापासून टांगलेला,
मागच्या सीटचा पूर्ण आकार.
"शेठ, कव्हर नका घेऊ. कंपनीचं चामडं चांगलं असतं.
गाडी आली की एकदा दार उघडा फक्त.
टेकू साडेसात की आठ, तेवढं बघायचंय."

गाडी पंधराला येणार आहे.
आज आठ.